हीटर नसलेली टाकी: प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर २०२३ ते जून २०२४

८ ऑक्टोबर २०२३

नऊ महिने गच्चीवर पालथी पडलेली टाकी आज खाली आणली. गेल्या जानेवारीत हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला आणि तो रात्रभर तापतच राहिला. सकाळी काचेला हात लावला तर पाणी गरम लागलं, थर्मामीटर ३७ दाखवत होता. अकरा टेट्रा आणि दोन एंजल एका रात्रीत गेले. लेक त्या दिवशी शाळेत गेली नाही. त्यानंतर टाकीकडे बघवत नव्हतं.

आता पुन्हा मांडायची ती हीटरशिवाय. बिघडलेला हीटर हे एक कारण झालं. दुसरं कारण विजेचं. हिवाळ्यात रात्री वीज गेली की २६ अंशांना सवयलेले मासे सकाळपर्यंत पाच-सहा अंश खाली येतात, आणि ते त्यांना सोसत नाही. आमच्या घरातलं पाणी वर्षभर जसं असतं तसं ज्यांना मानवेल, तेवढेच मासे आणायचे असं ठरवलं आहे. ते कोणते हे शोधणं हाच हा प्रकल्प.

टाकी ३६ × १५ × १८ इंच. खडी टाकून, वरून दोन इंच मोकळं सोडून सुमारे १२५ लिटर पाणी बसतं. पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून हीटर नसलेल्या टाकीसाठी दोन फुटीपेक्षा ही बरी. काचेच्या गोल भांड्याचा तर विचारच नको.

११ ऑक्टोबर

जागा बदलली. आधी टाकी दिवाणखान्यात पश्चिमेच्या भिंतीला लागून होती. उन्हाळ्यात ती भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. आता ती मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी आहे. त्या खोलीला बाहेरची भिंत एकच, तीही उत्तरेची. खिडकीतून उजेड येतो, ऊन येत नाही.

दुकानातून काचेचे दोन थर्मामीटर आणले. एकाच बादलीत बुडवले तर दोघांत दीड अंशाचा फरक. बर्फ कुटून भांड्यात दाबून भरला, जेमतेम पाणी घातलं, दहा मिनिटं ठेवलं. तिथे शून्य यायला हवं. एकाने अर्धा दाखवला, दुसऱ्याने दोन. दुसरा परत केला. पुढचे सगळे आकडे पहिल्याचे आहेत, अर्धा अंश वजा करून.

१४ ऑक्टोबर

मासे निवडायचे तर जानेवारीत पाणी किती उतरतं आणि मेमध्ये किती चढतं हे आताच कळायला हवं. ऑक्टोबरात ते कसं मोजणार? उत्तर कपाटात सापडलं. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सहाला आणि दुपारी तीनला याच खोलीतल्या भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा डायरीत लिहीत. अकरा वर्षांच्या डायऱ्या आहेत. आईने त्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या होत्या.

रात्री बसून फक्त जानेवारी आणि मे चाळले. जानेवारीत सकाळी खोली बहुतेक १६ ते १८, एका वर्षी सलग चार दिवस १४. मेमध्ये दुपारी ३३-३४, सकाळी २८. सव्वाशे लिटर पाणी खोलीच्या दिवसभराच्या सरासरीच्या आसपास राहतं, टोकं गाठत नाही. म्हणजे अंदाज असा: थंडीत १६-१७, उन्हाळ्यात ३०-३१.

हे लिहिताना लक्षात आलं की बिनहीटरच्या टाकीसाठी म्हणून जिकडेतिकडे जी नावं सांगतात ती थंड देशांतल्या घरांसाठी आहेत. तिथे प्रश्न एकाच टोकाचा असतो, पाणी फार गार होऊ नये. नाशिकच्या घरात वर्षभरात चौदा-पंधरा अंशांचा झोका आहे. मासा निवडायचा तो दोन्ही टोकं सोसणारा. गार पाण्यात रमतो एवढ्या गुणावर तो आमच्याकडे मे काढू शकणार नाही.

२१ ऑक्टोबर

दुकानात गेले. काकांना विचारलं, हीटर लावणार नाही, काय देता? ते लगेच म्हणाले, “ताई, गोल्डफिश न्या. त्याला हीटर लागतच नाही.” तापमानाच्या बाबतीत ते खरंच आहे. साधा, लांबट अंगाचा गोल्डफिश थंडी आणि उकाडा दोन्ही काढतो. पण तो वाढून वीतभर होतो, खातो खूप, घाणही तितकीच करतो. सव्वाशे लिटरमध्ये एकच नीट राहील, दोन म्हणजे दाटी. दुकानात असतात ते गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे ओरांडा, आणि ते त्या साध्या भावंडाइतके काटक नसतात. बागेत मोठा हौद असता तर आणले असते.

काकांनी दुसरं नाव घेतलं गप्पीचं. गप्पी घरोघर ठाऊक आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून मलेरिया विभागाची माणसं ते हौदात-विहिरीत सोडायला देतात. उन्हाळा त्यांना काहीच नाही. पण रंगीत शेपट्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या उबदार पाण्यात वाढवलेले गप्पी १६-१७ अंशांना मिटून बसतात. शिवाय महिन्या-महिन्याला पिल्लं, आणि ती कुठे द्यायची हा प्रश्न. नदीत किंवा नाल्यात सोडणं मला मान्य नाही. गोदावरीला आधीच पुरेशा परक्या माशांचं ओझं आहे.

२८ ऑक्टोबर

पाणी २६.५. टाकी भरून दोन आठवडे झाले. फिल्टर चालू आहे, मासे नाहीत. शेजारच्या काकूंच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा मुरलेला अर्धा स्पंज मागून आणला आणि आमच्या फिल्टरमध्ये घातला. घाणीतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. रोज चिमूटभर खाणं टाकून ते सडू देते, म्हणजे जिवाणूंना काम मिळतं. पाणी गार असलं की हे जिवाणू मंद वाढतात, त्यामुळे हे काम ऑक्टोबरात सुरू झालं हे बरं झालं. डिसेंबरात टाकी मांडणाऱ्याला दुप्पट धीर धरावा लागेल.

पाण्याचा पीएच ७.८. झाडं: वॅलिस्नेरिया, जावा फर्न, दगडाला बांधलेला अनुबियास. तिघांनाही गारवा चालतो.

४ नोव्हेंबर

आठवडाभर एकेका माशाची माहिती वाचते आहे. माझ्या मनात सगळ्यांत पुढे होता व्हाइट क्लाउड. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर चमकती रेघ, पंखांना लाल कड. चीनमध्ये क्वांगचौजवळच्या बाययुन डोंगरावरच्या ओढ्यांत तान नावाच्या स्काउट नेत्याला तो सापडला आणि १९३२ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं: टॅनिक्थिस अल्बोनुबेस. टॅनिक्थिस म्हणजे तानचा मासा. बाययुन म्हणजे पांढरा ढग, आणि अल्बोनुबेसचा अर्थही तोच. डोंगरओढ्यातला असल्यामुळे १५ अंशांनाही मजेत फिरतो. बिनहीटरच्या टाकीचा मासा म्हणून सगळे पहिलं बोट याच्याकडेच दाखवतात.

पण त्याला आवडतं पाणी १४ ते २२ अंशांचं. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत २६ च्या खाली पाणी मिळणार नाही. काही दिवस तो काढेलही, चार महिने मात्र सतत धापा टाकत राहील. लेकीला त्याचं चित्र फार आवडलं होतं. तिला डायरीतले मेचे आकडे दाखवले. तिनेच यादीतलं नाव खोडलं.

पॅराडाइज फिश झोका सहज सोसतो. हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटला तरी त्याचं अडत नाही. १८६९ मध्ये तो पॅरिसला पोचला आणि कार्बोनिए या फ्रेंच मत्स्यपालकाने त्याची तिथे वीण काढली, तेव्हा युरोपातल्या घरांत हीटर कुठे होते! पण नर भांडखोर असतो. लहान मासे खातो. एकट्याची टाकी करायची असती तर हाच आणला असता. आम्हाला थवा बघायचा आहे.

डेनिसन बार्बही दुकानात आहे, महाग, फार देखणा. हा आपल्या सह्याद्रीचा. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आता त्याच्या वंशाचं नावच सह्याद्रिया आहे. केरळ-कर्नाटकातल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यांतला हा मासा शौकिनांच्या बाजारासाठी इतका उपसला गेला की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींत मोजतात. त्याला चार-पाच फुटांची टाकी आणि खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी हवं. आपला मासा असूनही तो माझ्या टाकीचा नाही.

उरले दोन, झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब. या दोघांची शास्त्रीय नावं एकाच पुस्तकातून आलेली आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने गंगेच्या माशांवर १८२२ मध्ये जे पुस्तक काढलं त्यात दोघांची पहिली शास्त्रीय नोंद आहे. डॅनिओचा नमुना कोसी नदीतला. डॅनिओ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून आलं, भाताच्या शेतातला. हे वाचून मला पटलं. भाताच्या खाचरातलं वीतभर पाणी मेच्या उन्हात किती तापत असेल आणि पौषातल्या रात्री किती गार पडत असेल! जो मासा तिथे टिकतो त्याला आमची मधली खोली जड जाणार नाही. प्रयोगशाळांत झेब्रा डॅनिओ २८.५ अंशांना ठेवतात, कारण तिथे वर्षभर अंडी हवी असतात. ती प्रयोगशाळेची सोय आहे, माशाची अट नाही.

रोझी बार्ब अफगाणिस्तानापासून बांगलादेशापर्यंतच्या ओढ्या-तळ्यांतला, म्हणजे उत्तरेतली कडक थंडी आणि लू दोन्ही पाहिलेला.

१० नोव्हेंबर

धनत्रयोदशी. दहा झेब्रा डॅनिओ आणले. दुकानातलं पाणी २५, आमचं २४.३. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मग वाटीवाटीने टाकीतलं पाणी घालत तासाभराने सोडले. पाच मिनिटांत दहाही वरच्या थरात धावू लागले. आई रांगोळी अर्धी टाकून बघायला आली आणि बराच वेळ स्टुलावर बसून राहिली.

२७ नोव्हेंबर

काल जिल्ह्यात अवकाळी आणि गारपीट झाली, द्राक्षबागांचं वाटोळं झालं. आमच्याकडे सायंकाळपासून वीज नव्हती. पाणी रात्रीत २२.९ वरून २२.१ वर आलं, एवढंच. मासे ठीक. हीटर असता तर आजची सकाळ वेगळी असती.

१६ डिसेंबर

पाणी सकाळी १९.६. सहा रोझी बार्ब आणले, दोन नर, चार माद्या. दुकानात हीटर लावलेला, पाणी २६. दोन तास घेऊन हळूहळू मिसळलं आणि सोडले.

२२ डिसेंबर

चूक झाली. बार्बांच्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. इक, म्हणजे कातडीत शिरणाऱ्या परजीवी जंतूचा रोग. दोन बार्ब दगडाला अंग घासताहेत.

दोन चुका केल्या मी. एक म्हणजे नवे मासे आधी वेगळ्या टबात तीन आठवडे ठेवायचे असतात, ते केलं नाही. टब घरात होता, कंटाळा केला. दुसरी चूक मोठी आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. २६ अंशांतल्या माशाला एका दुपारीत साडेसहा अंश खाली आणलं. दोन तास काय, दोन दिवस मिसळत बसले असते तरी त्याचं शरीर इतक्या लवकर बदलत नाही. डॅनिओ नोव्हेंबरात आले, पाण्याबरोबर एकेक अंश उतरत गेले, त्यांना काही झालं नाही. बिनहीटरच्या टाकीत मासे आणायचे दिवस दोनच, ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य आणि मग फेब्रुवारीअखेर ते मार्च. तेव्हा दुकानातलं पाणी आणि घरातलं पाणी जवळजवळ सारखं असतं.

२३ डिसेंबर

इकला हीटरवाले ३० अंशांपर्यंत पाणी तापवतात, म्हणजे जंतूचं चक्र भराभर फिरतं आणि औषध लवकर लागू पडतं. आपल्याकडे तो मार्ग नाही. औषध किंवा मीठ लागू होतं ते जंतू माशाच्या अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतो तेवढ्याच काळात. कातडीखाली असताना त्याला काही होत नाही. २५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, १८ ला त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. म्हणून मिठाचा उपचार निदान चार आठवडे चालवायचा आणि ठिपके गेले म्हणून मध्येच थांबायचं नाही.

लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅम खडेमीठ. तीन हप्त्यांत, दोन दिवसांत, आधी पाण्यात विरघळवून. पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा.

२९ डिसेंबर

एक बार्ब मादी गेली. डॅनिओंपैकी एकावर तीन ठिपके.

३ जानेवारी २०२४

आणखी एक मादी गेली. लेकीने दोघींना तुळशीवृंदावनामागे पुरलं. उरलेल्या चौघांच्या अंगावरचे ठिपके कमी दिसतात. आज त्यांनी खाल्लं.

१५ जानेवारी

संक्रांत. पाणी १७.१. सहा दिवस एकही ठिपका नाही. मीठ २० तारखेनंतर हळूहळू काढायचं.

खाणं अर्धं केलं आहे. गार पाण्यात माशाची पचनशक्ती मंदावते, न खाल्लेलं तळाला कुजतं, आणि ते कुजलेलं निस्तरणारे जिवाणूही या दिवसांत सुस्त असतात. दिवसाआड एकदा, दुपारी दोनला, पाणी सर्वांत उबदार असतं तेव्हा टाकते. आई म्हणते, उपाशी मारतेस. तिला मासे दाखवले. पोटं गोल आहेत.

२६ जानेवारी

१६.२. या हिवाळ्यातला सर्वांत खालचा आकडा. पेपरात निफाडच्या बागांत शेकोट्या पेटवल्याचा फोटो. डॅनिओ सकाळी मधल्या थरात, दाट थव्याने, जवळजवळ जागच्या जागी. पंख मिटलेले नाहीत, श्वास सावकाश आणि एकसारखा. अकराच्या सुमारास फिरू लागले. बार्ब तळाशी वॅलिस्नेरियात, रंग फिका, पण बोटामागे येतात.

बाबांच्या डायरीत पाच वर्षांपूर्वीच्या २६ जानेवारीला लिहिलं आहे: “सकाळी १५. हिला शाल दिली.” हिला म्हणजे आईला.

११ फेब्रुवारी

पाणी २०.४. त्र्यंबकच्या बाजूला एका ओढ्यावर गेलो होतो. थर्मामीटर खिशात होताच. सकाळी नऊला वाहत्या पाण्यात १८, दुपारी दोनला उथळ डोहात २५. त्याच डोहात अंगठ्याएवढे बार्ब चरत होते, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले. बहुतेक टिक्टो. त्याचीही पहिली नोंद हॅमिल्टनच्याच पुस्तकातली. एका दिवसात सात अंशांचा झोका ते खेळता खेळता घेत होते.

लेक म्हणाली, चार नेऊ या का? मी नाही म्हटलं. फेब्रुवारीतला ओढा म्हणजे चार-सहा डोह उरलेले असतात आणि पुढच्या पावसात सगळा ओढा भरायचा तो त्या डोहांतल्या माशांच्या जिवावर. आम्ही तासभर काठावर बसून त्यांना पाहिलं. टिक्टो कुणी घरात वाढवलेले मिळाले तर मात्र मी ते आनंदाने आणेन. या खोलीसाठी याहून योग्य मासा मला सुचत नाही.

३ मार्च

२४.५. तीन नवे बार्ब आणले, सगळ्या माद्या. या वेळी दुकानात २५.५. तीन आठवडे टबात राहतील.

२४ मार्च

टबातले बार्ब टाकीत सोडले. आता डॅनिओ दहा, बार्ब सात. मोठ्या नराच्या पोटाला लाली चढते आहे.

३० मार्च

रंगपंचमी. गावात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडल्या, लेक भिजून, रंगून आली आणि थेट टाकीपाशी. तिला तिथूनच मागे फिरवलं. आज कुणीही टाकीत हात घालायचा नाही, साबणाने धुतलेलाही नाही. पाणी २७.

१४ एप्रिल

२९.३. खरी परीक्षा आता आहे.

पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. नाशिक ६०० मीटरवर, म्हणजे त्यातूनही सहा-सात टक्के वजा. आणि नेमकं तेव्हाच माशाचं शरीर जोरात चालत असतं, त्याला प्राणवायू जास्त हवा असतो. दुसरी गोष्ट अमोनियाची. पीएच ८ च्या पाण्यात २० अंशांना एकूण अमोनियातला चार टक्क्यांच्या आत भाग विषारी रूपात असतो, ३० ला साडेसात टक्के. म्हणजे जानेवारीत जे जास्तीचं खाणं खपून गेलं असतं ते मेमध्ये जिवावर येईल.

म्हणून आजपासून हवेचा पंप चोवीस तास. फिल्टरचं तोंड वर उचललं, धार पृष्ठभागावर पडते. आठवड्याला पाव पाणी बदल, तोही पहाटे. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी दुपारी ३५ च्या पुढे असतं, ते चुकूनही घालायचं नाही. आदल्या संध्याकाळी बादल्या भरून मोरीत ठेवते.

२१ एप्रिल

३०.४. काचेचं झाकण काढून त्याजागी जाळी लावली (डॅनिओ उड्या मारतात, उघडं ठेवता येत नाही) आणि छोटा टेबलफॅन पाण्यावर तिरका सोडला. माठात पाणी गार होतं तेच इथे घडतं, थोडं पाणी उडतं आणि उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. संध्याकाळी २८.१. आमच्याकडचा एप्रिल कोरडा, त्यामुळे हा उपाय इतका लागू पडतो. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतं. ते रोज भरून काढायचं, पण नुसतं भरत राहिलं तर क्षार साठत जातात. आठवड्याचा पाणीबदल त्यासाठीही हवा.

बर्फाच्या पिशव्या टाकायचा सल्ला एकाने दिला. तासात चार अंश खाली आणि रात्री पुन्हा वर, हे मी करणार नाही. डिसेंबरात एकदा पाहिलं आहे.

९ मे

दुपारी पावणेतीन तास वीज गेली. पंखा बंद, पंप बंद. पाणी २८.६ वरून २९.८. बॅटरीवरचा छोटा पंप गेल्याच आठवड्यात आणून ठेवला होता, तो लावला. दीड तासाने बार्ब वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले होते. पंप लागल्यावर वीस मिनिटांत खाली गेले. डॅनिओंना काही जाणवलं असं दिसलं नाही.

बार्ब सातच पुरेत. मनात आणखी तीन आणायचे होते. हीटर नसलेल्या टाकीत किती मासे हे मेच्या वीज गेलेल्या दुपारवर ठरवायचं, हे आज पक्कं केलं.

२३ मे

पंखा चालू असूनही २९.४. पंख्याशिवाय कितीपर्यंत जातं ते तपासायला म्हणून सकाळी तीन तास पंखा बंद ठेवला होता, ३०.९ झालं, लगेच चालू केला. बाबांच्या आकड्यांवरून काढलेला ३०-३१ चा अंदाज बरोबर निघाला.

दुकानात गेले होते. तिथे एक मुलगा हीटर नसलेल्या टाकीसाठी पेपर्ड कोरिडोरास घेत होता, गार पाण्यात चालतो म्हणून. मी त्याला म्हटलं, “अरे, तो थंडीत मजेत राहील, पण तुझ्या खोलीत आत्ता पाणी किती आहे ते मोजलंस का?” मोजलं नव्हतं. काकांनी त्याला थर्मामीटर काढून दिला, पैसे घेतले नाहीत.

१० जून

पाऊस आला. हवा दमट, पंख्याने आता जेमतेम एक अंश उतरतो, पण हवाच निवली आहे. २७.२.

१३ जून

पहाटे पावसाच्या आवाजाने जाग आली. टाकी २६.३. मोठा बार्ब नर विटेसारखा लाल झाला आहे, इतका रंग आजवर पाहिला नव्हता. तो एका मादीला वॅलिस्नेरियाच्या झुबक्यात रेटत होता. ही डिसेंबरात वाचलेली मादी, उजव्या कल्ल्यामागच्या व्रणावरून ओळखते. लेकीला उठवलं. दोघी अंधारात, टॉर्च भिंतीकडे वळवून बसलो.

सव्वासातपर्यंत पानांना मोहरीपेक्षाही बारीक, काचेसारखी अंडी चिकटलेली दिसू लागली. बाकीचे बार्ब ती वेचून खात होते. अंडी असलेली तीन पानं कापून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या टबात हलवली, बॅटरीचा पंप अगदी हळू सोडला. लेकीने भिंगाने मोजली, सतरा. त्यातली दोन पांढरी पडली आहेत. ती आईच्या विणायच्या सुईने बाजूला काढली. टबाचं पाणी २६.१.